न्हाणीघरांतील विस्तव आणि कायद्याचें मौन

थंडीचे दिवस आले म्हणजे आमच्या कचेरींत एका ठराविक प्रकारची बातमी येऊं लागते. ती बहुधा चार ओळींची असते. अमक्या पेठेंतील अमक्या इमारतींत एक तरुण, किंवा एखादें नवविवाहित जोडपें, स्नानास गेलें. बराच वेळ झाला तरी दार उघडेना. शेजाऱ्यांनीं दार फोडलें तेव्हां गॅसचा गिझर चालू होता, तोटीचें पाणी वाहत होतें आणि आंतलें माणूस निश्चेष्ट पडलें होतें. अंगावर जखम नाहीं, भाजल्याची खूण नाहीं, घरांत कोणी शिरल्याचा माग नाहीं. पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात. दुसऱ्या दिवशीं ती बातमी बाजारभावाच्या रकान्याशेजारीं छापली जाते आणि तिसऱ्या दिवशीं विसरली जाते. पुढच्या थंडींत नांवें तेवढीं बदलून ती पुन्हां येते.

‘अकस्मात’ ह्या शब्दास आमची हरकत आहे. जी गोष्ट दरवर्षीं, त्याच ऋतूंत, त्याच खोलींत आणि त्याच कारणानें घडते तिला अकस्मात म्हणणें म्हणजे आपल्या आळसास दैवाचें नांव देणें होय. हें विधान कठोर वाटेल. म्हणून पाणी तापविण्याच्या यंत्रांची मूळ रचना काय, त्यांपैकीं कोणत्यांवर कायद्याची नजर आहे आणि कोणत्यांवर नाहीं, हें वाचकांपुढें थोडें विस्तारानें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

घरचा जुना तांब्याचा बंब ज्यांनीं पाहिला आहे त्यांस ह्या शास्त्राचा अर्धा भाग शिकवावयास नको. पिंपासारखें उभें भांडें; त्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत गेलेलें नळकांडें; नळकांड्याच्या तळाशीं लोखंडी जाळी; जाळीवर कोळसे किंवा लांकडाच्या ढलप्या; जाळीखालीं राख पडावयास आणि वारा शिरावयास जागा. विस्तव आंत आणि पाणी त्याच्या सभोंवार. धूर वर जातां जातां आपली ऊब पाण्यास देऊन जातो. कित्येक बंबांस नरसाळें असे. त्यांतून गार पाण्याची घागर ओतली कीं तें पाणी तळाशीं जाई आणि तितकेंच कढत पाणी वरच्या तोटींतून बाहेर पडे. पहांटे उठून बंब पेटविणाऱ्या आमच्या आजीनें पदार्थविज्ञानाचें पुस्तक उघडलें नव्हतें; पण ऊन पाणी हलकें होऊन वर राहतें व गार पाणी जड म्हणून खालीं बसतें हें तिला पक्कें ठाऊक होतें. ह्याच एका नियमावर युरोपांतील घरें, इस्पितळें आणि शाळा दीर्घकाळ तापविल्या गेल्या, हें पुढें दिसेलच.

बंबाचे आणखी दोन गुण होते, आणि ते सहज ध्यानांत येत नाहींत. एक, त्याचें तोंड हवेस उघडें असे; म्हणून पाणी कितीही तापलें तरी भांड्यांत दाब सांठत नसे. दुसरा, धुराच्या त्रासामुळें तो बहुधा परसांत, पडवींत किंवा न्हाणीबाहेरच्या ओट्यावर ठेवलेला असे. धूर डोळ्यांस झोंबतो, म्हणून माणूस त्यास घराबाहेर काढतो. जो धूर झोंबत नाहीं आणि दिसतही नाहीं त्याचें काय करावें, हा प्रश्न आमच्या आजीपुढें आलाच नाहीं. आमच्यापुढें आला आहे.

आतां थंड देशांकडे वळूं. तेथें प्रश्न नुसत्या स्नानाचा नसतो. बाहेर बर्फ पडत असतां आंतल्या माणसांस जगविण्याचा असतो. खोलीखोलींत शेगडी ठेवणें हा जुना उपाय होय, आणि त्यांत जळणाची बरीचशी ऊब धुराड्यावाटे आकाशांत जाई. मार्टिन ट्रिवाल्ड नांवाच्या स्वीडिश इंजिनियरानें १७१६ मध्यें इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें झाडांसाठीं बांधलेलें कांचगृह ऊन पाण्याच्या नळांनीं तापविलें. पुढें १७७७ च्या सुमारास बॉनमें नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें हीच युक्ति कोंबडीचीं अंडीं उबविण्यासाठीं लाविली. म्हणजे झाडें आणि पिलें ह्यांचा नंबर आधीं लागला, माणसांचा मागून! १८३१ मध्यें अँजियर मार्च पर्किन्स ह्यानें जाड लोखंडी भिंतींच्या बारीक नळ्यांची, दोन्हीं बाजूंनीं बंद अशी रचना पेटंट करून घेतली. तींतील पाणी दाबाखालीं असल्यामुळें शंभर अंशांच्या बरेंच वर जात असूनही त्याची वाफ होत नसे.

ह्या पद्धतीचें आजचें स्वरूप असें. तळघरांत किंवा स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक बंद पात्र. त्यांत गॅस, तेल किंवा लांकूड जळतें. ज्वाळेची उष्णता धातूच्या पडद्यांतून पाण्यांत जाते. तें पाणी एका नळानें निघून प्रत्येक खोलींतील पोकळ लोखंडी पट्ट्यांच्या चौकटींत शिरतें, तेथें आपली ऊब हवेस देतें आणि गार होऊन दुसऱ्या नळानें परत पात्रांत येतें. तेंच पाणी वर्षानुवर्षें फिरत राहतें. प्रथम हें भ्रमण केवळ हलक्या-जड पाण्याच्या भेदावर चाले, त्यामुळें नळ रुंद ठेवावे लागत आणि पात्र इमारतीच्या तळाशीं असावें लागे. विजेचा पंप आल्यावर नळ बारीक झाले व पात्र कोठेंही टांगतां येऊं लागलें. ह्या यंत्रास ‘बॉयलर’ म्हणतात खरें, परंतु तें नांवच फसवें आहे. ‘बॉयल’ म्हणजे उकळणें. आणि ह्या पात्रांत पाणी उकळूं द्यावयाचें नसतें. साधारणतः साठ ते ऐंशी अंश एवढेंच तें तापवितात.

पाणीच कां, असा प्रश्न व्यापारी वाचक करतील, आणि तो रास्त आहे. उष्णता वाहून नेण्याच्या कामीं पाण्याइतका स्वस्त हमाल दुसरा नाहीं. एक घनफूट पाणी एक अंश निवतांना जितकी उष्णता देतें तितकी देण्यास हवा सुमारें साडेतीन हजार घनफूट लागते. मग वाफ कां नको? वाफ पाण्याहूनही अधिक उष्णता वाहते, ह्यांत शंका नाहीं. एक किलो पाणी वीस अंशांवरून शंभर अंशांपर्यंत नेण्यास ऐंशी उष्मांक लागतात, पण त्याच शंभर अंशांच्या पाण्याची वाफ करण्यास आणखी सुमारें पांचशें चाळीस, म्हणजे पावणेसात पट, लागतात. आणि वाफ थिजली म्हणजे ते सारे परत मिळतात. गिरण्यांस, साखर कारखान्यांस, रंगशाळांस वाफच हवी. परंतु राहत्या घरांत शंभर अंशांचे नळ कोणास पाहिजेत? पाण्याचा गुण असा कीं बाहेर थंडी थोडी असली तर तें पंचेचाळीस अंशांवर ठेवावें, अधिक असली तर सत्तरांवर न्यावें. वाफेस असा नरमपणा ठाऊक नाहीं.

नव्या यंत्रांत ह्याच थिजण्याचा आणखी एक चतुर उपयोग केला आहे. गॅस जळतो तेव्हां धुरांत पाण्याची वाफही असते. परत येणारें पाणी पंचावन्न अंशांहून गार असेल, तर त्याच्या स्पर्शानें धुरांतील ती वाफ पात्रांतच थिजते आणि फुकट जाणारी उष्णता पदरांत पडते. ब्रिटनमधील इंग्लंड व वेल्स ह्या भागांत घरगुती गॅसवर चालणारीं नवीं यंत्रें ह्याच जातीचीं असावींत असा नियम २००५ मध्यें झाला. आइसलँडच्या लोकांस मात्र एवढाही खटाटोप पडत नाहीं; भूमातेनेंच त्यांच्यासाठीं बंब पेटवून ठेवला आहे, आणि तेथील दहांपैकीं सुमारें नऊ घरें जमिनींतल्या ऊन पाण्यानें तापतात. आमच्याकडे वज्रेश्वरी आणि राजापूरचें उन्हाळें आहे. तेथें आम्ही स्नान करून पुण्य मिळवितों आणि परत येतों. असो.

आपल्या देशांत घरें तापविण्याची गरज हिमालयाच्या कुशींतच काय ती आहे, आणि तेथें काश्मिरी कारागिरांचा हमाम शतकानुशतकें चालत आला आहे. दगडी फरशीखालीं पोकळी, तींत लांकडाचा जाळ, जाळावर तांब्याचें पात्र भिंतींत बसविलेलें. एकाच विस्तवानें फरशी ऊन होते आणि वजूसाठीं ऊन पाणी मिळतें. धूर बाहेर आणि माणूस आंत. ही विभागणी सांभाळली तर विस्तव माणसाचा चाकर राहतो. महाराष्ट्रांत घर तापविण्याचा प्रसंग येत नाहीं. परंतु स्नानास, बाळंतिणीस, वृद्धांस आणि आजाऱ्यांस ऊन पाणी हवें असतें. म्हणून आमच्या वांट्यास त्या मोठ्या यंत्राचें धाकटें भावंड, म्हणजे गिझर, आलें आहे. आणि सर्व अनर्थ त्याच्याच भोंवतीं आहे.

कायद्याकडे वळण्यापूर्वीं बंद पात्राच्या धोक्याविषयीं दोन शब्द बोलणें अवश्य आहे. पाणी तापलें म्हणजे फुगतें. शंभर लिटर पाणी वीस अंशांवरून ऐंशीवर नेलें तर तें सुमारें पावणेतीन लिटरांनीं वाढतें. आणि पाणी दाबून लहान करतां येत नसल्यामुळें ह्या वाढीस जागा दिली नाहीं तर पात्र फाटतें. म्हणून प्रसरणासाठीं वेगळी टांकी आणि ठराविक दाबाच्या वर आपोआप उघडणारी झडप, ह्या दोन गोष्टी प्रत्येक बंद पात्रास लागतात. त्याहून भयंकर प्रसंग असा : तापमान राखणारी कळ बिघडली, झडप गंजून चिकटली, आणि पाणी दाबाखालीं शंभर अंशांच्या पलीकडे गेलें. अशा वेळीं पात्रास चीर पडली तर दाब एकाएकीं नाहींसा होऊन पाण्याचा कांहीं भाग क्षणार्धांत वाफ होतो, आणि वाफ पाण्याहून सुमारें सोळाशें पट जागा मागते. तो स्फोट तोफेसारखा असतो. विजेच्या गिझरच्या झडपेंतून थेंब गळूं लागले म्हणून तिला पाचर ठोकणारे महाभाग आमच्या पाहण्यांत आहेत. थेंब गळणें हें त्या झडपेचें कर्तव्य आहे. पाचर ठोकणाऱ्यानें घरांत तोफ भरून ठेविली असें समजावें.

स्फोटाचा आवाज मोठा असतो, म्हणून सरकारच्या कानीं तो लौकर जातो. कलकत्त्यास १८६३ मध्यें एक बॉयलर फुटून अनेक माणसें मेलीं; लागलीच १८६४ मध्यें बंगालच्या कायदेमंडळानें वाफेच्या बॉयलरांच्या तपासणीचा कायदा केला. पुढें निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळे कायदे झाले, आणि ती गुंतागुंत सोडविण्यासाठीं १९२३ चा इंडियन बॉयलर्स ॲक्ट आला. नोंदणीवांचून बॉयलर वापरतां येणार नाहीं, तपासणीचा दाखला ठराविक मुदतीनें नवा करून घ्यावा लागेल, अपघात झाल्यास चोवीस तासांच्या आंत कळवावें लागेल, असे त्याचे दंडक होते. परकी सरकारचा कायदा म्हणून त्यास नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. गिरणगांवांतील हजारों मजुरांचे प्राण त्यानें राखले असतील. शंभर वर्षें चालल्यानंतर त्याच्या जागीं आपल्या संसदेनें २०२५ चा बॉयलर्स ॲक्ट आणला आहे.

परंतु दोन्हीं कायद्यांची व्याख्या वकिलाच्या चष्म्यानें वाचावी. अगदीं आरंभीं, पांच गॅलनांहून मोठें आणि दाबाखालीं वाफ उत्पन्न करणारें बंद पात्र म्हणजे बॉयलर, अशी व्याख्या होती. २००७ च्या दुरुस्तीनें ती अधिक बारकाईची झाली आणि नव्या कायद्यानें तीच पुढें चालविली. पंचवीस लिटरांहून लहान पात्र बॉयलर नव्हे. ज्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरास एक किलोहून कमी तें बॉयलर नव्हे. आणि ज्यांत पाणी शंभर अंशांहून कमी तापतें तेंही बॉयलर नव्हे. कायद्याचा हेतु वाफेच्या स्फोटाचा, तेव्हां त्या हेतूपुरती ही व्याख्या ठीक आहे आणि तिला आम्ही दोष देत नाहीं. मात्र तिचा परिणाम असा कीं ज्या यंत्राशीं तुमचा-आमचा रोज पहांटे संबंध येतो तें तिन्ही दारांनीं कायद्याच्या बाहेर पडतें. गॅसच्या टांकीवर नियम आहेत. २०१६ चे गॅस सिलिंडर रूल्स टांकीची जाडी, झडप, चांचणी सर्व पाहतात. टांकीच्या रबरी नळीचें दुसरें टोंक कोणत्या खोलींत, कोणत्या यंत्रास लावलें आहे, हें घरोघर जाऊन पाहण्याचें काम ते नियम करीत नाहींत.

तें टोंक जेथें लावलें जातें तेथें काय घडतें? गिझर हा शब्द आइसलँडांतल्या उसळत्या झऱ्याच्या नांवावरून आला. बेंजामिन वॅडी मॉगन ह्या लंडनच्या गृहस्थानें १८६८ मध्यें गॅसवर क्षणांत पाणी तापविणारें यंत्र काढलें आणि त्यास तें नांव दिलें. त्या पहिल्या यंत्रास धूर बाहेर नेणारें धुराडें नव्हतें. म्हणजे हा दोष जन्मजात आहे. आणि दीड शतकानंतर आमच्या शहरांतील कित्येक न्हाणीघरांत तो जसाचा तसा नांदत आहे.

थोडा हिशेब करूं. व्यापाऱ्यांस हिशेबाची भाषा लौकर पटते. मिनिटास सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनीं तापविणारें लहान यंत्र घ्या. त्यास मिनिटास सुमारें सोळा ग्रॅम गॅस लागतो. एक ग्रॅम गॅस पुरता जळावयास साडेपंधरा ग्रॅम हवा पाहिजे. म्हणजे मिनिटास अडीचशें ग्रॅम, अर्थात् सुमारें सात घनफूट. पंधरा मिनिटांच्या स्नानांत एकशें दहा घनफूट हवेंतला प्राणवायु हें यंत्र खाऊन टाकतें. आतां आमच्या नव्या इमारतींतील न्हाणीघर मोजा : लांबी सात फूट, रुंदी पांच, उंची आठ. एकूण दोनशें ऐंशी घनफूट. दार लावलेलें, खिडकी थंडीसाठीं बंद, आणि आंत माणूसही श्वास घेत आहे. ज्वाळेस प्राणवायु कमी पडूं लागला कीं ती अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड हा वायु उत्पन्न होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, तो डोळ्यांस झोंबत नाहीं. रक्तांतील ज्या द्रव्यास प्राणवायु चिकटावयाचा त्यास हा वायु प्राणवायूच्या दोनशें पटींहून अधिक ओढीनें चिकटतो आणि सुटत नाहीं. प्रथम डोकें दुखतें, मग पाय लटके पडतात, मग कडी काढावयाची इच्छा असूनही हात वर उठत नाहीं. गॅस गळला तर वास येतो, कारण त्यांत मुद्दाम दुर्गंध मिसळलेला असतो. पण ह्या वायूंत कोण काय मिसळणार? तो कारखान्यांत होत नाहीं, आपल्याच न्हाणींत होतो.

गेल्या पौषांत किराण्याचे एक व्यापारी वकिलीच्या कामासाठीं आमच्याकडे आले. त्यांचा एकोणीस वर्षांचा पुतण्या गांवाहून कॉलेजसाठीं त्यांच्या घरीं राहत होता. स्नानास गेला तो परत आला नाहीं. शेटजींनीं एक पिशवी टेबलावर ठेविली. तींत दुकानाची पावती, यंत्रासोबत आलेली पुस्तिका आणि पोलिसांच्या पंचनाम्याची नक्कल होती. ते म्हणाले, “वकीलसाहेब, मला पैसा नको. त्याच्या आईला सांगायला एक शब्द पाहिजे. हें कोणामुळें झालें?”

पुस्तिका आम्हीं वाचली. तिच्या चौथ्या पानावर, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, हें यंत्र स्नानगृहांत बसवूं नये असें स्पष्ट लिहिलें होतें. इंग्रजींत. शेटजी मराठी आणि मोडी लिहितात, गुजराथी वाचतात, हिशेब तोंडीं करतात. इंग्रजी त्यांस येत नाहीं. यंत्र लावावयास आलेल्या कारागिरानें तें न्हाणींतच लावलें, कारण नळ आंतच होता आणि बाहेर नेण्यास दोन तास अधिक लागले असते. पंचनाम्यांत आणखी एक ओळ होती : न्हाणीघराची वरची झडपेची खिडकी थंडी लागूं नये म्हणून जुन्या वर्तमानपत्रांनीं बुजविलेली आढळली. कोणतें वर्तमानपत्र तें पंचांनीं लिहिलें नाहीं. शेटजी आमच्या पत्राचे पंधरा वर्षांचे वर्गणीदार आहेत.

कायद्याच्या दृष्टीनें शेटजींस उत्तर देतां आलें. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यांत मालाच्या दोषाबद्दल उत्पादकाची जबाबदारी सांगितली आहे. इजा टाळण्यासाठीं पुरेशा सूचना किंवा इशारा दिला नसेल तर तो उत्तरदायी होतो. आतां ‘पुरेशा’ ह्या शब्दावर सर्व लढाई आहे. उत्पादक म्हणेल, सूचना छापली होती. आम्ही म्हणतों, जी सूचना घेणाऱ्यास वाचतांच येत नाहीं ती सूचना नव्हे, उत्पादकानें स्वतःच्या बचावासाठीं लिहून ठेवलेला कागद आहे. स्वराज्य आलें, न्यायालयांत मराठी आली, दुकानांच्या पाट्या मराठी व्हाव्या म्हणून आम्हीं चळवळी केल्या. आणि ज्या चार शब्दांवर माणसाचा प्राण अवलंबून आहे ते मात्र परभाषेंत राहिले! पाटीवरील अक्षरांच्या उंचीविषयीं जितका आवेश आम्हीं दाखविला त्याच्या दशांशानें तरी ह्या अक्षरांकडे पाहावें.

इंग्रजांचें सर्व अनुकरण करावें असें आमचें मत कधींच नव्हतें. परंतु शहाणपण शत्रूच्या घरींही घ्यावें. त्यांच्या १९९८ च्या गॅससुरक्षा नियमांत असें स्पष्ट आहे कीं न्हाणीघरांत गॅसचें यंत्र बसवावयाचें तर त्याची हवा बाहेरून यावी, धूर बाहेर जावा आणि खोलींतील हवेशीं ज्वाळेचा संबंध राहूं नये. भाड्यानें दिलेल्या घरांतील गॅसयंत्रें घरमालकानें वर्षांतून एकदां तपासून घेऊन दाखला भाडेकरूस द्यावा, आणि हें काम नोंदणी केलेल्या कारागिरांखेरीज कोणीं करूं नये. ज्या शहरांत मॉगनसाहेबांनीं धुराड्यावांचून यंत्र काढलें त्याच शहरानें अनुभवानें हा धडा घेतला. आम्हीं यंत्र तेवढें घेतलें, धडा तेथेंच ठेविला.

येथें आमचे व्यापारी मित्र म्हणतील, “आणखी एक इन्स्पेक्टर! आधीं वजनमापांचा आहे, दुकानाचा आहे, कराचा आहे; आतां न्हाणीघराचाही?” ही भीति खोटी नाहीं. तपासनीस वाढले म्हणजे त्यांचीं पाकिटेंही वाढतात, हा अनुभव सर्वांचा आहे, आणि घराघरांत सरकारी माणूस शिरावा असें आम्हांसही वाटत नाहीं. पण त्यावांचून मार्ग आहे. बॉयलरच्या कायद्यांतच २००७ पासून सरकारी निरीक्षकाखेरीज मान्यता मिळालेल्या सक्षम माणसाकडून तपासणी करून घेण्याची सोय झाली. तीच तऱ्हा येथें लागूं करावी. गॅसचें यंत्र बसविणारा कारागीर परीक्षा घेऊन नोंदविलेला असावा. त्यानें बसविल्याची जागा, हवेची वाट व धुराची वाट लिहून आपल्या सहीचा कागद ग्राहकास द्यावा. आणि दुकानदारानें त्या कागदाची प्रत पावतीस जोडल्याखेरीज विक्री पुरी झाली असें समजूं नये. ह्यांत इन्स्पेक्टर कोठेंच नाहीं. चुकीचें काम करणाऱ्याची सही मात्र कायम राहते, आणि हयगयीनें मृत्यु घडविल्याचें भारतीय न्यायसंहितेंतील कलम १०६ त्या सहीपर्यंत पोंचूं शकतें.

दुसरें काम नगरपालिकांचें आहे आणि त्यास नव्या कायद्याचीही वाट पाहावयास नको. इमारतीचा नकाशा मंजूर करतांना सज्जांत किंवा बाहेरच्या भिंतीवर यंत्रास जागा आणि तेथून न्हाणीपर्यंत नळ दाखविलेला असावा, एवढी अट घालणें त्यांच्या हातीं आहे. पुणें महानगरपालिकेनें सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापविणाऱ्या घरांस घरपट्टींत सूट दिली तेव्हां गच्च्यागच्च्यांवर सौर बंब दिसूं लागले. ज्या उपायानें जळणही वांचतें आणि धूरही होत नाहीं त्यास इतर शहरांनींही तसेंच उत्तेजन द्यावें. पावसाळ्यांत व बहुमजली इमारतींत सौर बंब सर्वांस पुरणार नाहीं, हें आम्ही जाणतों. तेथें विजेचा गिझर गॅसच्या गिझरहून पुष्कळ निर्धोक आहे. पंचवीस लिटर पाणी चाळीस अंशांनीं तापविण्यास विजेचें सवा युनिटही लागत नाहीं. गॅस त्याहून स्वस्त पडतो म्हणून तो हवा असेल तर घ्यावा, पण न्हाणीबाहेर घ्यावा.

वसतिगृहें, खानावळी आणि लॉज ह्यांचा वेगळा उल्लेख करणें भाग आहे. तेथें राहणारा मुलगा किंवा प्रवासी यंत्र निवडीत नाहीं, तपासीत नाहीं. मालकावर विश्वास टाकून कडी लावतो. अशा जागांस परवाना देतांना न्हाणीघरांतील गॅसचीं यंत्रें बाहेर काढल्याची खात्री परवाना देणाऱ्यानें करून घ्यावी. ह्या सूचनेस विरोध करणारा मालक आम्हांस भेटला तर त्याचें म्हणणेंही ह्याच स्तंभांत आम्ही छापूं.

आणि हा अंक हातीं असतांना वाचकांनीं करावयाचें काम फार थोडें आहे. आपल्या न्हाणींत गॅसचें यंत्र असेल तर तें बाहेर न्यावयास उद्यांच कारागिरास बोलवावें. तो येईपर्यंत यंत्र लावून बादली भरून घ्यावी, यंत्र बंद करावें, दार-खिडकी उघडून हवा खेळूं द्यावी आणि मगच स्नानास बसावें. खिडकीस कागद लावला असेल तर तो काढावा. यंत्र जुनें असेल आणि ज्वाळ निळी न राहतां पिवळी दिसत असेल तर तें त्या क्षणीं बंद करावें. विक्रेत्या मित्रांनीं दुकानांत एक मराठी पाटी लावावी. मजकूर आम्ही फुकट छापून देऊं.

शेटजींचा दावा ग्राहक आयोगापुढें आहे, म्हणून त्याविषयीं अधिक लिहिणें योग्य नव्हे. गेल्या आठवड्यांत ते पुन्हां कचेरींत आले होते. यंत्र आतां मागच्या सज्जांत आहे. भिंतीस भोंक पाडून नळ न्हाणींत घेतला आहे. नळाची लांबी अकरा फूट भरली, आणि काम दोन तासांत झालें.